डाव्या गालावरचा तीळ

एक होता बहुरूपी. राजाच्या आधी बहुरूपी कसा, असं विचारू नका. राजाही येईल, राणीही येईल. पण गोष्ट बहुरूप्याच्या घरची आहे, म्हणून आधी तो.

त्याचं नाव सटवाजी. बहुरूपी म्हणजे काय, ठाऊक आहे ना? आज वाघ, उद्या बैरागी, परवा फौजदार. रंग लावायचा, कपडे बदलायचे, गावातून हिंडायचं, लोकांना फसवायचं, हसवायचं. आणि शेवटी सोंग उतरवून, आपलं खरं तोंड दाखवून बिदागी मागायची. सगळेच बहुरूपी असं करतात. पण सटवाजीची तऱ्हा वेगळी, बरं का. तो वाघ झाला की गोठ्यातल्या गाई दावी तोडत. तो मारुती झाला की माकडं झाडावरून उतरून त्याच्यापुढे ओळीनं बसत. आणि फौजदार झाला की गावातले चोर आपणहून घागरी परत आणून ठेवत.

मात्र त्यांच्या घराण्याच्या सोंगाला एक अट होती. घेतलेलं सोंग तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत उतरवायचं. नाही उतरवलं, तर ते अंगाला धरतं. मग कितीही धुवा, जात नाही. माणूस तेच होऊन बसतो आणि आपण आधी कोण होतो ते विसरतो. सटवाजीचा चुलता असाच बैरागी होऊन बसला होता. बायको समोर येऊन रडली, तर तिलाच म्हणाला, "माई, भिक्षा वाढ."

सटवाजीच्या बायकोचं नाव येसू आणि मुलीचं भिवरा. भिवरा लहान होती, परकराचा काठ पायात येऊन पडायची एवढी. तेव्हा येसूला ताप आला आणि ती गेली.

मग भिवरा जेवेना. भाताचा घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायची. आईनंच भरवावं, नाहीतर नको. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेजारच्या पालावरची कोंडाबाई आली. पाल म्हणजे बहुरूप्यांचा तंबू. कोंडाबाई म्हणाली, "अरे सटवाजी, तुला मारुती होता येतं, मग येसू होता येत नाही होय? नेस तिचं लुगडं, घाल तिच्या बांगड्या, आणि पोरीला दोन घास भरव. एवढीशी आहे ती. तिला कळणारसुद्धा नाही."

भिवरानं ते ऐकलं. धावत आली आणि बापाच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, "बा, हो ना आई. थोडाच वेळ हो."

सटवाजीनं लुगडं हातात घेतलं. त्याला येसूची चाल ठाऊक होती, तिचा किंचित बसका आवाज ठाऊक होता. तो झाला असता तर खुद्द येसूच्या आईनंही ओळखलं नसतं. तो लुगड्याकडे बघत राहिला. मग त्यानं त्याची घडी घातली आणि पेटीत ठेवून दिलं.

"नाही भिवरे. ते सोंग मी घ्यायचा नाही."

"का?"

"नाही घ्यायचा."

त्याला नीट सांगता आलं नाही. मनातलं सांगण्यात तो कधीच हुशार नव्हता. मग त्यानं काय केलं? आपल्याच तोंडानं, आपल्याच मिशीनं पोरीपुढे चुलीशी बसला आणि भाकरी थापली. भाकरी करपली.

भिवरा म्हणाली, "आईची करपत नव्हती."

तो म्हणाला, "नव्हती करपत."

मग त्यानं तिची वेणी घातली. वेणी वाकडी आली. ती म्हणाली, "आई घट्ट घालायची."

"घट्ट घालायची. तू ओरडायचीस, आणि मग ती फणी आपटायची तुझ्या डोक्यात."

"डोक्यात नाही. खांद्यावर."

"हो गं. खांद्यावर." असं म्हणता म्हणता सटवाजीला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. मग भिवराही रडली. रडून झाल्यावर तिनं करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

पण मनातून तिला राग होता, बरं का. साऱ्या गावासाठी बा वाघ होतो, आणि माझ्यासाठी एकदा आई झाला नाही. हा राग तिनं कुणाला सांगितला नाही. तो तिच्याबरोबरच मोठा झाला.

सटवाजीनं तिला आपली विद्या दिली. तेव्हा मुलीनं सोंग घ्यायची रीत नव्हती. लोक चेष्टा करायचे. "काय सटवाजी, पोरीचा राक्षस करणार का आता?" तो म्हणायचा, "करीन की. तुमच्यासारखे भेटले तर कामाला येईल." रंग लावताना तो तिला समोर बसवायचा, म्हणजे तिला कशाची भीती वाटू नये. सांगायचा, "वाघ व्हायचंय ना? आधी बघ, वाघाला काय हवंय. पट्टे मागून." तिनं स्वतःचं तोंड रंगवलं, की हनुवटी धरून उन्हाकडे वळवायचा आणि म्हणायचा, "थांब, मी बघतो." ती चुकली तर ओरडायचा नाही. ओल्या फडक्यानं तेवढंच पुसायचा आणि रंगाची वाटी पुढे करायचा.

मग भिवरा मोठी झाली, आणि सटवाजी म्हातारा झाला. एका हिवाळ्यात त्याला खोकला धरला, तो सुटला नाही. जाताना काही मोठं बोलला नाही. "वाघाचं शेपूट उसवलंय, शिवून घे," म्हणाला, आणि गेला.

भिवरानं शेपूट शिवलं. मग एकटीच गावोगाव हिंडू लागली. तिची सोंगं बापाच्याही वरचढ निघाली. तिची कीर्ती राजाच्या कानावर गेली. आला बघा राजा!

या राजाच्या घरी फार मोठं दुःख झालं होतं. त्याची एकुलती एक मुलगी, चंद्रावळ तिचं नाव, तापानं गेली होती. तेव्हापासून राणी खिडकीशी बसून असायची. जेवायची नाही, बोलायची नाही. रडायचीसुद्धा नाही. वैद्यांनी राजाला बाजूला घेऊन सांगितलं, "महाराज, अशानं राणीसाहेब फार दिवस काढायच्या नाहीत."

राजानं भिवराला बोलावलं. मुलीचं चित्र तिच्यापुढे ठेवलं, आणि एवढा मोठा राजा हात जोडून म्हणाला, "पोरी, माझी चंद्रावळ हो. राणी वाचली पाहिजे."

भिवराच्या मनात काय आलं असेल? तिच्या मनात आलं, बानं माझ्यासाठी केलं नाही, ते मी या राणीसाठी करीन.

तिनं चित्र आरशाशेजारी टेकवलं. तसेच डोळे केले, तशीच जिवणी केली. चित्रात जिथे तीळ होता, आरशात बघून बरोबर तिथेच तीळ दिला. मोगऱ्याचा गजरा माळला आणि राणीच्या महालात जाऊन म्हणाली, "आईसाहेब."

राणीनं मान वळवली. धडपडत उठली. "चंदा? कुठे होतीस गं?" तिनं भिवराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग तिचा अंगठा उजव्या गालावर गेला. तिथे काहीतरी शोधत राहिला. राणीच्या कपाळाला आठी पडली.  भिवराला कळलं, आपण चुकलो. आरसा उजव्याचं डावं दाखवतो. चंद्रावळीचा तीळ उजव्या गालावर होता, आणि तिनं तो डाव्या गालावर दिला होता. पूर्वी "थांब, मी बघतो" म्हणणारं कुणी असायचं. आता कोण होतं?

पण राणीनं हात खाली घेतला. तिला मुलगी हवी होती. तिनं ताट मागवलं, आणि त्या दिवशी दोन घास खाल्ले. राजा खांबाआड उभं राहून डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी राणीनं भिवराला न्हाऊ घातलं, केस विंचरले. बोटं गालावरून फिरली, उजवीकडे जराशी थांबली आणि डावीकडे गेली. भिवराला फार बरं वाटत होतं. किती वर्षांनी कुणी तिचे केस विंचरत होतं! तिच्या अनवाणी हिंडून फुटलेल्या टाचा मऊ झाल्या होत्या. बापाचं नाव आठवायला तिला क्षणभर थांबावं लागलं. सोंग धरायला लागलं होतं, बरं का.

राजाला प्रधानानं त्या अटीबद्दल सांगितलं होतं. तो भिवराला म्हणाला, "उद्याचे दिवे लागेपर्यंत थांब. मग तू खरीच आमची होशील. हा वाडा तुझा, ही आई तुझी. तुला तरी कोण आहे बाहेर?"

आणि खरंच, बाहेर तिला कोण होतं? वाघाचं कातडं आणि रंगाच्या वाट्या. भिवरा म्हणाली, "थांबते."

तिसरा दिवस उजाडला. सकाळ गेली, दुपार गेली. उन्हं कलली. राणीनं तिला मांडीवर घेतलं. राणीचा हात वर आला, तो थेट डाव्या गालावर गेला. चाचपडला नाही, अडखळला नाही. राणी हसून म्हणाली, "जन्मलीस ना, तेव्हा सगळ्यांत आधी मी हा तीळ बघितला. हा असा, इथे."

भिवरा दचकली. इथे? इथे तर तो कधीच नव्हता. इथे तो आपण काजळानं दिला. राणीच्या हातातून खऱ्या चंद्रावळीचा गाल निघून गेला होता. ती पोर एकदा तापानं गेली. आता ती आईच्या आठवणीतूनही चालली होती, आणि तिला ढकलत होती भिवरा.

मग भिवरानं आपल्या आईला आठवून बघितलं. येसूच्या डाव्या मनगटावर गोंदण होतं. पुढचा एक दात जरा तुटका होता. आवाज किंचित बसका. वेणी घट्ट. फणी खांद्यावर, डोक्यात नाही. सगळं जिथल्या तिथे होतं. कारण त्याच्यावर कुणी दुसरं काही रंगवलंच नव्हतं. पोर दोन दिवस उपाशी होती, गुडघ्यांना मिठी मारून विनवत होती, आणि जगातला सगळ्यांत मोठा बहुरूपी लुगड्याची घडी घालून ते पेटीत ठेवत होता. ते त्याला किती जड गेलं असेल, हे तिला आज कळलं. आणि ते त्याला जाऊन सांगावं, तर तो नव्हता.

ती मांडीवरून उठली. कोपऱ्यातल्या घंगाळाशी गेली. राजा ओरडला, "थांब! ती मरेल!"

 राजा म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण तिनं ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. रंग निघेना, तशी पदरानं घासला. गाल सोलल्यासारखे लाल झाले. मग ती राणीकडे वळली.

"आईसाहेब, मी भिवरा. सटवाजी बहुरूप्याची मुलगी."

राणीनं तिच्याकडे बघितलं. उठली, जवळ आली आणि फाडकन तिच्या तोंडात मारली. भिवरा हलली नाही. ती म्हणाली, "मारा. पण मला एक सांगा. तिचा तीळ कुठल्या गालावर होता?"

 राणीचा हात हवेतच वर आला. डावीकडे गेला. थांबला. मग अगदी सावकाश उजवीकडे गेला, आणि तिथे मोकळ्या हवेतच अंगठा फिरवत राहिला.

"उजव्या," राणी म्हणाली. "उजव्या गं माझ्या बाळाच्या." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच राणी रडली. असा हंबरडा फोडला, की दारातले पहारेकरीही भाले टेकून खाली बसले.

बराच वेळ गेला. मग राणी म्हणाली, "रागावली की इतकी लाल व्हायची, तीळ दिसायचाच नाही."

राजा जमिनीवरच बसला होता. तो म्हणाला, "साय दिली की रागवायची."

"साय नव्हे हो. कारलं. साय तर ओरपून खायची. बाप असून एवढंही माहीत नाही?"

"कारलं ती माझ्या ताटात टाकायची, म्हणून मला वाटलं तिला आवडतं, आणि मला देते."

राणी रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. दिवे लागले. दासीनं तांदळाची पेज आणली. कुणी भरवली नाही. राणीनं वाटी स्वतः उचलली आणि हळूहळू प्यायली.

राजानं भिवराला म्हटलं, "राहा इथेच. मुलगी होऊन राहा."

भिवरा म्हणाली, "मुलगी नाही होता येणार, महाराज. मला आई होती. बाप होता."

तेव्हा राणीनं तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "कसा होता गं तुझा बाप?"

हे भिवराला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. मिशी कशी होती, खोकायचा कसा, भाकरी किती वाईट करायचा. सांगता सांगता तिला रडू आलं. राणीनं तिला गप्प केलं नाही. रडू दिलं.

मग भिवरा आपल्या वाटेनं गेली. पुढे तिचं फार मोठं नाव झालं. सात राज्यांत तिच्यासारखी बहुरूपी नव्हती, असं म्हणत. पण एखाद्या घरचं माणूस गेलंय असं कळलं, की त्या दारी ती सोंग घेऊन जायची नाही. आपल्याच तोंडानं जायची, ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "कसं होतं तुमचं माणूस? सांगा मला." लोक सांगायचे. ती ऐकायची. बिदागी घ्यायची नाही.

गेलेलं माणूस कुणाचंच परत आलं नाही. राणीचंही नाही, भिवराचंही नाही. पण राणी जगली, राजाशी कारल्यावरून भांडत पुष्कळ वर्षं जगली. सुखानं? हो, दुःखातून उरतं तेवढ्या सुखानं.

झालं. आता पाय पांघरुणात घ्या. कुणाची आठवण येत असेल तर येऊ दे, तिला हाकलू नका. मिटा डोळे.