चंद्रीसाठी निवडलेला घोडा

घोडे बोलत असत, त्या काळातली गोष्ट. उड्यांच्या स्पर्धेसाठी शिंगरं हवीत म्हणून मालकाने चंद्री घोडीला शर्यती जिंकलेला थरोब्रेड जातीचा घोडा निवडला. कुंपणापलीकडची शेळी कोंबडीला सांगत होती, "अगं बाई, त्याच्या शिंगरांचे पाय म्हणे..." तेवढ्यात कुणीतरी तिला हाकललं.

ते अर्धवट बोलणं चंद्रीच्या कानावर पडलं. घोडा आला तशी तिने विचारलं, "अहो, तुमच्या शिंगरांचे पाय मोडतात का?"

"एकाचा मोडला," त्याने मान खाली घातली. "हाडं भरायच्या आत, दोनच वर्षांचं असताना शर्यतीत पळवलं त्याला. बाकीची मोकळी चरली, ती आजही उड्या मारतात."

चंद्रीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मालक घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला म्हणाला, "याचं शिंगरू दोन वर्षांचं झालं की उडी घेईल ना रे?"