शिंगवाली गिटार

गावात वीज नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या.

बाबालालच्या वाद्यांच्या दुकानात विजेवरची एक गिटार होती, अंगाला दोन लाकडी शिंगं असलेली. गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसायचं, गिटार मांडीवर घ्यायचं आणि शिंग पोटात टोचलं की तार न छेडताच परत ठेवायचं.

बाबालाल वैतागून म्हणाला, "सोमवारी हिची शिंगं कापून सतारीच्या खुंट्या करतो."

गिटार घाबरली. "माझा आवाज वाईट आहे का हो?"

"फार चढा," पेटी न ऐकताच म्हणाली.

"छे, पडका," तबला म्हणाला.

बिचारीने निम्म्या तारा सैल केल्या, निम्म्या ताणल्या.

रविवारी ऑर्केस्ट्रावाल्या मार्थाबाई आल्या.

"बसा की," बाबालाल म्हणाला.

"गुडघे बसू देतात होय? उभ्यानेच बघते."

त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला, वायर भोंग्याला जोडली, तारा जुळवल्या आणि वाजवलं. रस्त्यावरचे सायकलवाले उतरून ऐकू लागले.

"बांधून द्या," मार्थाबाई म्हणाल्या.

निघताना गिटारने विचारलं, "मग माझं चुकत काय होतं?"

"माझं ऐकलंस, म्हणून सुधारलीस," पेटी म्हणाली.

"तिचं नाही, माझं," तबला म्हणाला.

गिटार गोंधळलेलीच गेली. तेव्हापासून ते दोघं नव्या वाद्यांची शिकवणी घेतात, आणि वर्गात बसायला जागा मिळत नाही.