चूळ भरून घातलेली फुंकर

डेअरीत दह्याचे रिकामे कप भरण्याआधी कंप्रेसरच्या हवेने फुंकून घेत. त्या हवेचा फिल्टर बदला, म्हणून तिथले जुने कामगार येसबामामा तीन महिने मागे लागले होते. मॅनेजर दामलेसाहेब हसायचे, "मामा, हवेला कसला आलाय मळ?"

एकदा साहेबांनी गरम दूध मागवलं. मामांनी पेला दिला आणि निववायला कंप्रेसरची नळी लांबून त्यावर धरली. साहेबांनी पेला झटकन मागे ओढला. "अहो, ही तेलकट हवा माझ्या दुधात?"

"लोकांच्या कपात रोज हीच जाते, साहेब. आमची कारभारीण, तान्हूबाई, माझं दूध निववायची, तर आधी चूळ भरायची, मग फुंकर घालायची."

दुसऱ्याच दिवशी नवा फिल्टर बसला. मामांनी त्या हवेखाली आपला पेला धरला. दूध निवलं, तरी त्यांनी चूळ भरली आणि पेल्यावर एक फुंकर घातली. तान्हूबाईला जाऊन पाच वर्षं झाली होती.