राघू-मैनेचा पाळणा

नदीकाठच्या एका गावात तात्या नावाचे गृहस्थ राहत. जुनं टाकायचं नाही आणि नवं आणायचं नाही, असा त्यांचा बाणा. मोडक्या दाराचं त्यांनी टेबल केलं. विटक्या साड्यांचे पडदे शिवले. चुन्यात नीळ कालवून ओटी अशी रंगवली, की शेजारी बघायला आले. तात्यांच्या हातात कसब होतं, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

सुनेला, सुनेत्राला, मुलगी झाली. तात्यांनी माळ्यावरचा लाकडी पाळणा खाली काढला. तळाच्या फळीला बारीक भोकं पडली होती. त्यांनी ती लांबी भरून बुजवली, वर पिवळा रंग दिला आणि चारी कोपऱ्यांवर राघू-मैना काढल्या. पाळणा नव्यासारखा दिसू लागला.

बारशासाठी त्यांची लेक शलाका कॉलेजातून घरी आली. सकाळी केर काढताना तिला टांगलेल्या पाळण्याखाली पिठासारखा भुसा दिसला. तिने तो झाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच.

"तात्या, ह्याला भुंगा लागलाय. फळी आतून पोखरली आहे."

"ह्यात मी झोपलो, तुझा दादा झोपला, तू झोपलीस. पडलीस का?"

"तेव्हा भुंगा नव्हता."

"चार बुकं वाचून लाकूड कळत नाही. माझ्या रंगाला नख लावू नकोस म्हणजे झालं."

शलाका दादाकडे गेली. तो म्हणाला, "बारशापुरतं तर आहे, कशाला वाद?" ती वहिनीकडे गेली. सुनेत्रा बाळाला घट्ट धरून म्हणाली, "मीही पाहिलाय भुसा, वन्सं. पण मामंजींना सांगणार कोण?" म्हणजे घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे पाळण्याच्या रंगाचं कौतुक करत होते. शलाकाला अन्न गोड लागेना.

बारशाच्या दिवशी घराची ओटी बायकांनी भरून गेली. बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवायचा, अशी रीत. तो मान आत्याचा. शलाकाने वरवंटा उचलला.

"नुसता कडेला टेकव," तात्या म्हणाले. "रंग खरवडेल."

"आधी वरवंटा निजतो, मग बाळ. तुमचीच रीत आहे ना?"

तिने वरवंटा मधोमध ठेवला आणि दोरी ओढली. पाळणा हलला. काहीच झालं नाही. मागून कुणी तरी म्हणालं, "आत्याबाईंची परीक्षा झाली असेल तर बाळाला आणा." बायका हसल्या. शलाकाचे कान तापले. आपलंच चुकलं असेल का? सुनेत्रा बाळाला घेऊन पुढे आली.

"थांब, वहिनी," शलाका म्हणाली. तिने पुन्हा दोरी ओढली. मग आणखी एकदा.

कडकन आवाज झाला. फळी मधोमध तुटली, वरवंटा खाली आदळला आणि फरशीला तडा गेला. हसणाऱ्या बायका मागे सरकल्या. तुटल्या जागी लाकूड उरलंच नव्हतं, नुसतं पीठ होतं. त्यावरचा पिवळा रंग मात्र तुकतुकीत होता.

तात्यांनी फरशीकडे पाहिलं, मग नातीकडे.

बाळाचं नाव आईच्या मांडीवरच ठेवलं गेलं. पाहुणे गेल्यावर तात्यांनी उरलेली फळी उचकटली, चौकटीचा कोपरान्‌कोपरा ठोकून पाहिला. चौकट शाबूत होती. अडगळीतल्या खाटेची नवार उसवून त्यांनी पाळण्याला नवा तळ विणला. गाठ मारून झाल्यावर ते बाजूला सरकले आणि वरवंटा लेकीच्या हाती दिला.

"तू बघ आधी," ते म्हणाले. "तू हो म्हणालीस, तरच बाळाला निजवू."

तात्पर्य: जुन्या वस्तूला नवं रूप जरूर द्यावं, पण आधी तिची कीड काढावी, आणि कीड दाखवणारा वयाने धाकटा आहे म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याचं तोंड बंद करू नये.