ढुमीची रिकामी करवंटी

एक होतं तळं. तळ्यात होती ढुमी बेडकी. एवढूशी! बोराएवढी! पण बेडूक पक्षाची पुढारी, बरं का!

तळ्याची रीत अशी. वर्षातून एकदा सगळ्यांनी खडे टाकायचे. ज्याच्या करवंटीत खडे जास्त, तो तळ्याचा पाटील. पाटील म्हणेल ते खरं.

दरवर्षी ढुमीची करवंटी भरायची. यंदा बघते तर काय? रिकामी! शेजारी बगळ्याची करवंटी. तिच्यात एक खडा. त्याचा त्यानंच टाकलेला, लबाडानं!

बगळा म्हणाला, "सूर्य बुडाला की मी पाटील. मग तुझी सात पिल्लं गट्टम!"

ढुमी खडे मागायला निघाली. टुण टुण टुणकन!

मुंगीच्या दारात गेली. गळा फुगवला.
"डराव डराव! बेडकांचंच नाव! आम्हालाच खडा द्या राव!"
दारावर पडलं होतं मोठं पान. पानाखालून मुंगी म्हणाली, "अगं, मी अडकलेय! खार पान हलवेल, तर मी खडा देईन."

सूर्य वीतभर खाली. बगळा पाऊलभर पुढे. टप्!

खारीकडे गेली. टुण टुण टुणकन!
"डराव डराव! बेडकांचंच नाव! आम्हालाच खडा द्या राव! खारूताई, खारूताई, मुंगी खडा देईना, माझी करवंटी भरेना!"
खार म्हणाली, "पोटात कावळे ओरडतायत. जांभळी जांभूळ टाकेल, तर मी पान हलवेन."

सूर्य वीतभर खाली. बगळा पाऊलभर पुढे. टप्!

जांभळीच्या झाडाकडे गेली. टुण टुण टुणकन!
"डराव डराव! बेडकांचंच नाव! आम्हालाच खडा द्या राव! जांभळीबाई, जांभळीबाई, खार पान हलवेना, मुंगी खडा देईना, माझी करवंटी भरेना!"
जांभळी म्हणाली, "मुळं सुकली गं. खेकडी चर खणेल, पाणी येईल, तर मी जांभूळ टाकेन."

सूर्य वीतभर खाली. बगळा पाऊलभर पुढे. टप्!

खेकडीकडे गेली. टुण टुण टुणकन!
"डराव डराव! बेडकांचंच नाव! आम्हालाच खडा द्या राव! खेकडीमावशी, खेकडीमावशी, जांभळी जांभूळ टाकेना, खार पान हलवेना, मुंगी खडा देईना, माझी करवंटी भरेना!"

खेकडीनं नांगी उगारली. "हळू, मेले! पोरं उठली परत! पोरं निजतील, तर मी चर खणेन."
"कोण उठवतं गं त्यांना?"
"कोण म्हणून मलाच विचारतेस? सकाळपासून डराव डराव कोण करतंय? दारोदार नुसती ओरडतेस. कधी विचारलंस, बाई गं, तुझं काय अडलंय?"

ढुमीनं तोंड मिटलं. घट्ट!

सूर्य पाण्याला टेकला. बगळा पिल्लांवर वाकला.
"काय गं ढुमे, घसा बसला? ओरड की! खडे नकोत?"
ढुमीचा गळा फुगला. ड... ड... डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड नाही उघडलं.

खेकडीचं एक पोर निजलं. दुसरं निजलं. सगळी निजली. गुडुप!

मग काय विचारता! खेकडीनं चर खणला, खर्र खर्र. पाणी आलं, झुळझुळ. जांभळीनं जांभूळ टाकलं, पटकन. खारीनं खाल्लं, मटामटा. पान हलवलं, सर्र! मुंगी बाहेर आली. मागून दुसरी. मागून तिसरी. अख्खी रांग! खुळ्ळ खुळ्ळ, खुळ्ळ खुळ्ळ! करवंटी काठोकाठ!

आणि सूर्य बुडाला. डुब्!

बगळ्यानं वासलेली चोच मिटली. गेला उडून, फडफड फडफड.

मुंग्या म्हणाल्या, "पाटलीणबाई, भाषण करा!"
ढुमी हळूच म्हणाली, "भाषण नको गं बायांनो. तुम्ही बोला. मी ऐकते."

मुंग्या बोलायला लागल्या. एकेक करून.

आणि मुंग्या किती असतात, ठाऊक आहे ना? ढुमी बसलीये बिचारी. अजून ऐकतेच आहे!