फुगलेली नोंदवही

फार वर्षांपूर्वी त्र्यंबकरावांच्या फोटो स्टुडिओत एक नोंदवही होती. तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि खणाचा नंबर एवढंच असे. फोटो शेजारच्या कपाटात असत. वहीचा जीव सारखा खालीवर होई. कुणी फोटो दुसऱ्याच खणात टाकला, तर आपण खोट्या पडू, असं तिला वाटे.

अखेर ती त्र्यंबकरावांना म्हणाली, "सगळे फोटो माझ्यातच चिकटवा. नाव आणि चेहरा एकाच जागी राहतील."

त्यांनी तसं केलं. वर्षभरात वही इतकी फुगली, की साधं नाव शोधायलाही दोघांना तिला उचलावं लागे.

एके दिवशी राधक्का आल्या. गेलेल्या बहिणीचा एकुलता एक फोटो त्यांना हवा होता. त्र्यंबकरावांनी वही ओढली, तशी तिची शिवण उसवली आणि शेकडो चेहरे जमिनीवर पसरले. राधक्का संध्याकाळपर्यंत शोधत बसल्या, तेव्हा कुठे बहीण सापडली.

फोटो पुन्हा कपाटात गेले. वही हलकी झाली, तरी तिला चैन पडेना.

"कुठल्या फोटोचा खण बदलला, तर आधी मला सांगशील?" तिने कपाटाला विचारलं.

"सांगेन. पण तूही रोज विचारत जा. माझ्याही कधी कधी लक्षात राहत नाही."

वहीला ते उत्तर आवडलं नाही. तरी तिने पहिल्या खणापासून विचारायला सुरुवात केली.