शिष्याचे रक्त आणि तांब्याचे संयुग

एकदा एका प्रयोगशाळेत एका शिष्याने तांब्याचे एक संयुग तयार केले. कर्करोगाच्या पेशीत शिरून ते तिच्या डीएनएला घट्ट धरून बसे, आणि पेशी मरे. काचेच्या थाळीतल्या साऱ्या पेशी मेलेल्या पाहून शिष्याला आकाश ठेंगणे झाले. इथवर ठीक होते. पण या शिष्यमंडळींच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला काय करावे? त्याने ओळखीच्या एका भुसार व्यापाऱ्याला सांगून टाकले, "औषध सापडलं."

त्या व्यापाऱ्याच्या पत्नीला कर्करोग होता. रुग्णालयातले उपचार तिला सोसवत नव्हते. व्यापाऱ्याने तिची पुढची तारीख चुकवली आणि तो थेट प्रयोगशाळेत येऊन बसला.

"डॉक्टर, ती बाटली द्या. तिला आता सलाईन नको झालंय."

शिष्य अजून डॉक्टर झालेला नव्हता, तरी ही हाक ऐकून सुखावला. त्याने बाटलीकडे हातही नेला. असल्या सुखाचा मला मनस्वी वैताग आहे.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या वृद्ध आचार्यांनी बाटली आपल्याकडे घेतली. "शेठ, आधी वहिनींना रुग्णालयात न्या," ते म्हणाले. पण शेठ ऐकेनात. परवा पुन्हा येतो, म्हणून निघून गेले. मग आचार्य शिष्याकडे वळले.

"बाही वर कर."

त्यांनी त्याचे थोडे रक्त काढवले, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून दुसऱ्या थाळीत ठेवल्या आणि तेच संयुग तितकेच घातले.

"सर, मला तर काहीच आजार नाही," शिष्य गोंधळून म्हणाला.

"म्हणूनच."

दोन दिवसांनी त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. थाळीत एकही पेशी जिवंत नव्हती.

"कोणाच्या या?"

"माझ्या."

"अरे, डीएनए काय फक्त रोगाच्या पेशीत असतो? तुझ्यात आहे, माझ्यात आहे, त्या माउलीत आहे. तुझं संयुग दिसेल त्याला धरतं. मारायचंच असेल तर फिनाईलही मारतं. कोणाला सोडायचं हे ज्याला कळतं, ते औषध. निरोगी पेशींची थाळी शेजारी मांडा, हे मी पहिल्या वर्षापासून ओरडतोय. तुम्ही घोकता, परीक्षेत लिहिता, आणि जरा यश दिसलं की विसरता. किती वेळा सांगायचं?"

शिष्य उठला आणि व्यापाऱ्याच्या घरी गेला. "शेठ, मी चुकलो. हे औषध नाही. यानं माझ्याच चांगल्या पेशी मेल्या."

 व्यापारी म्हणाला, "आणि तिची तारीख गेली, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य त्या दोघांना घेऊन रुग्णालयात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई कागद पाहून संतापल्या. "तारीख का चुकवलीत?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. तेव्हा शिष्य पुढे झाला आणि म्हणाला, "यांनी नाही, मी चुकवली."